चालणाऱ्यांच्या वाटेला सावली हवी

आषाढी जवळ आली की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पालखी मार्गाचा वाद पेटतो. २०२१ मध्ये भूमिपूजन झालेल्या चौपदरीकरणाने दिंड्यांची सोय झाली, चालायला वेगळी पट्टी मिळाली, असं मामा म्हणतो. आत्याच्या डोळ्यांसमोर तोडलेले वड येतात.

मी उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासमध्ये राहते. कामिनो प्रिमितिवो ही सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राची जुनी यात्रावाट आमच्या ओव्हिएदोहून निघते, साधारण ३२० किलोमीटरची. शिंपल्याची खूण बघत गावं, कुरणं, चेस्टनटची झाडं मागे टाकत जायचं. काही ठिकाणी ती डांबरी रस्त्यावरूनही जाते आणि तिथे पाय लवकर थकतात.

आई आली तेव्हा गुडघ्यांमुळे ती वाट जमेना, म्हणून तिला 'सेंदा देल ओसो'वर नेलं. म्हणजे अस्वलाची वाट. खाणीतला माल वाहणारी छोटी रेल्वे बंद पडल्यावर तिच्याच जागेवर ही वाट केली. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून पूर्वी डोंगर पोखरून चढ मोडलेला; आज त्याचा फायदा आईच्या गुडघ्यांना झाला. बोगद्यात शिरताच गारवा, वरून टपटप पाणी. आई हात पुढे करून थेंब झेलत राहिली. म्हणाली, "खंडाळ्याची आठवण झाली गं." १९९३ पासून स्पेनने अशा तीन हजारांहून जास्त किलोमीटर रेल्वेमार्गांच्या वाटा केल्या.

आपल्याकडची बंद पडलेली नॅरोगेज रेल्वे शकुंतला, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, लोकांना ब्रॉडगेज होऊन हवी आहे. मी त्यांच्या बाजूने आहे. गाडीची गरज पायवाटेने भागत नाही. पण निर्णय होईपर्यंत रुळांखालची जमिनीची पट्टी सलग राहिली पाहिजे. एकदा जमीन तुकड्यातुकड्यांनी गेली की ना गाडी, ना वाट.

वारीला कामिनोची पायवाट पुरणार नाही, हे मला कळतं. कामिनोवर माणसं विखुरलेली असतात. वारीत लाखो एकाच वेळी चालतात, सोबत टँकर, ट्रक, अॅम्ब्युलन्स. रुंदी हवीच, मामाचं तिथे खरं आहे. पण रुंदी वाहनांची गरज मोजून ठरते आणि चालणाऱ्याची पट्टी कडेला उरते. अनवाणी माउलीला पाऊस नसेल त्या दिवशी तापलेल्या रस्त्यावर सावली लागते, आणि आज लावलेलं रोप ती द्यायला पंधरा-वीस वर्षं घेईल. जुने वड मधे ठेवून रस्ता दोन्ही बाजूंनी नेता आला असता, तिथे तो तसाच न्यायला हवा होता. आता निदान नवी रोपं जगायला हवीत. मामा यंदा आळंदीहून निघतोय. वाटेत कोणती रोपं तग धरून आहेत, कोणती वाळली, त्याचे फोटो त्याच ग्रुपवर टाक, असं मी त्याला सांगितलंय.