सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात व्याख्या शोधू नका, भांडण शोधा

सौंदर्यशास्त्राचं पुस्तक हातात आलं की पेन्सिल घेऊन आधी 'सौंदर्य म्हणजे...' असं वाक्य गाठायचं आणि त्याखाली रेघ मारायची, ही आपली सवय. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) किंवा रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) असं वाचलं तर शंभर पानांत दम लागतो आणि हाती चार गुळगुळीत वाक्यं उरतात. लेखक कोणाशी भांडतोय हे कळेपर्यंत या पुस्तकांतलं एकही वाक्य नीट लागत नाही.

संवाद, विरोध, समतोल ही मर्ढेकरांची लयतत्त्वं (कलाकृतीचे घटक एकमेकांशी बांधणारे नियम) पाठ असलेले पुष्कळ भेटतात. ती कशासाठी, असं विचारलं की गाडी अडते. आशय थोर म्हणून कलाकृती सुंदर, हे त्यांना मान्य नव्हतं. सौंदर्य घटकांच्या परस्परसंबंधांत शोधायचं होतं. रंगांत, सुरांत हे जमतं. कवितेत शब्दाला अर्थ चिकटलेला, त्याचं काय करायचं? म्हणून मग साहित्याचं माध्यम भावनात्मक अर्थाचं, असं म्हणावं लागतं. ही ओढाताण जिथे दिसेल तिथे पेन्सिल चालवा.

दुसरा घोळ शब्दांचा. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या 'क्रिटीक ऑफ जजमेंट' या १७९०च्या ग्रंथातला पहिलाच मुद्दा मराठीत कुठे निरिच्छ, कुठे तटस्थ, कुठे निष्काम आनंद म्हणून येतो. 'निष्काम' म्हटलं की गीता आठवते, 'तटस्थ' म्हटलं की थंडपणा. दोन्ही चुकीचं. कांटचं उदाहरण राजवाड्याचं आहे. हा सुंदर आहे का, असं विचारल्यावर एक जण म्हणतो, लोकांचा घाम असल्या डामडौलावर उधळला. दुसऱ्याला पॅरिसमध्ये खानावळींपलीकडे काहीच आवडलेलं नाही. दोघांचंही आपल्या जागी बरोबर असेल, पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. ती वस्तू असावी की नसावी, याच्याशी देणंघेणं नसणं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पाहण्यात गोडी असतेच, भरपूर असते.

कांटच्या त्याच पुस्तकातलं सोळावं कलम वाचून मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनासमोर उभं राहा. दगडात कोरलेली पानं-वेली बघा (कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे). ती कशासाठी, हे ठाऊक नसलं तरी सुंदर वाटतात. कांट याला स्वतंत्र सौंदर्य म्हणतो. भिंतीवरच्या कागदाची नक्षी हे त्याचं स्वतःचं उदाहरण. आता चार पावलं मागे जाऊन अख्खी इमारत बघा. स्टेशन कसं असावं याची कल्पना डोक्यात असल्याशिवाय तिच्याबद्दल बोलताच येत नाही. हे परतंत्र सौंदर्य. पाटणकर सौंदर्यकल्पना द्विध्रुवात्मक आहे म्हणतात ते समजायला ही चार पावलं उपयोगी पडतात: एका टोकाला कलेची स्वायत्तता, दुसऱ्या टोकाला जीवनाशी नातं. यातलं एक टोक खोटं ठरवायची घाई करणारा वाचक पुस्तक अर्ध्यात सोडतो.

'साधारणीकरण म्हणजेच कांटची अलिप्तता' हे समीकरण तर सेमिनारांतून हद्दपार व्हायला हवं. साधारणीकरण ही संस्कृत रसविचारातली कल्पना, आणि ती मांडणाऱ्या भट्टनायकाची अडचण वेगळी होती. रंगमंचावरचा शोक रामाचाच असेल तर प्रेक्षकाला त्याचं काय? आणि तो प्रेक्षकाचा स्वतःचा असेल तर नाटकाला कोण जाईल, घरी काय कमी आहे? म्हणून तो शोक कोणा एकाचा न राहता साधारण होतो. कांटला छळणारा प्रश्न असा: बोंबील मला आवडतात म्हणताना मी तुमच्या संमतीची वाट पाहत नाही, मग चित्र सुंदर आहे म्हणताना ती का मागतो? उत्तरं एकमेकांसारखी दिसली तरी प्रश्न दोन आहेत.

वेग म्हणाल तर दिवसाला आठ-दहा पानं पुष्कळ झाली. विरार लोकलमध्ये उभ्याने होणारं हे वाचन नाही. शब्दसूची नसेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतः करा: शब्द, पान क्रमांक आणि पुढे 'कोणाविरुद्ध'. प्रत ग्रंथालयाची असेल तर वहीत. 'अनुभव' आणि 'रूप' या दोन शब्दांना मात्र अर्धं अर्धं पान राखून ठेवा. दर प्रकरणात त्यांचा अर्थ थोडा सरकतो, आणि ते कळतं फक्त नोंदी एकाखाली एक आल्यावर.