बल्ब बदलला की उजेड आला? जुन्या पिकअपच्या हेडलाइटचा प्रतिवाद

जुन्या पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला सारखा फिरतो. मूळ हॅलोजन बल्ब काढून टाका, त्याच होल्डरात ‘प्लग अँड प्ले’ एलईडी बसवा. काम दहा मिनिटांचं, वायरिंगला हात लावायचा नाही. उजेड तिप्पट मिळतो, पावसात नि धुक्यात पांढरा प्रकाश लांब जातो, बॅटरीवरचा भार कमी होतो आणि पासिंगला कुणी काही विचारत नाही. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांची झडती घेऊ. बोलतोय ते १२ व्होल्टच्या, एच-४ बल्बच्या गाड्यांबद्दल. मागचं रबरी कव्हर काढल्यावर तीन पिनांचा बल्ब दिसला की तो बहुधा एच-४ समजायचा, तरी बल्बवर छापलेलं वाचूनच खात्री करा.

‘मूळ बल्बच कमजोर’, इथूनच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. एच-४ हा अपरला (लांबचा झोत) ६० आणि डिपरला (जवळचा, खाली वळलेला झोत) ५५ वॅटचा बल्ब. मानकाप्रमाणे १३.२ व्होल्टवर तो अपरला सुमारे १६५० आणि डिपरला सुमारे १००० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. गाडी नवीन होती तेव्हा याच बल्बाने रस्ता नीट दिसत होता. मग बिघडलं काय? ते १३.२ व्होल्ट आता बल्बपर्यंत पोहोचत नाहीत.

हॅलोजनचं गणित निर्दय आहे. त्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड ३० टक्के गेला. बॅटरीवर १३.५ आणि होल्डरवर ११.५ असेल तर ४० टक्क्यांहून जास्त उजेड वाटेतच संपला. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट फ्यूजमधून लाइटच्या स्विचला, तिथून स्टिअरिंगखालच्या डिपर स्विचला, मग बारीक वायरीने बोनेटखाली, कपलरमधून (बल्बच्या मागचा प्लग) बल्बला आणि शेवटी बॉडी अर्थमधून, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून, परत असा फिरतो. दोन्ही डिपर मिळून ९ ते १० अँपिअर होतात. वाटेतला प्रत्येक जोड थोडं थोडं खातो. त्यात आपल्या गोव्याची हवा खारी. मालीम, कुटबण, खारीवाड्याहून मासळी नेणाऱ्या गाड्यांत तर बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट चासीवर गळतं. अशा गाडीच्या वायरीचं टोक सोलून पाहा. तांब्याची लाली जाऊन आत बोटभर लांब हिरवट-काळी भुकटी चढलेली असते, आणि तिच्यावर सोल्डरही धरत नाही.

मीटरने पाच मिनिटांत निकाल लागतो. इंजिन चालू, रेस थोडी जास्त, डिपर लावलेला आणि बल्ब कपलरमध्येच. बल्ब काढून मोजलं तर एका केसाएवढ्या तारेतूनही मीटर १३ दाखवतो, आणि ‘वायरिंग ठीक आहे’ असा खोटा निर्वाळा बहुतेक वेळा असाच मिळतो. मीटरची लाल काडी बॅटरीच्या प्लसवर, काळी काडी कपलरच्या मागून आत सरकवून डिपरच्या पिनेवर (एच-४ मधली वरची आडवी पिन). जो आकडा येईल तो प्लसच्या बाजूची गळती, म्हणजे वाटेत हरवलेलं व्होल्टेज. मग एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी अर्थच्या पिनेवर, म्हणजे अर्थची गळती. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावू नका. एक व्होल्टच्या वर गेलं तर कोणताही बल्ब विकत घेण्याआधी रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला.

‘वायरिंगला हात न लावता’ हे त्या सल्ल्याचं सर्वांत मोठं आकर्षण, आणि नेमका तिथेच हात लावायला हवा. लागतात ते १२ व्होल्टचे ३० किंवा ४० अँपिअरचे दोन रिले, एक डिपरला आणि एक अपरला, २० अँपिअरचे दोन फ्यूज, झाकणाच्या होल्डरासह, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि बॅटरीपासून एकच मुख्य फीड आणायची असेल तर तेवढ्यापुरती ४ ची. दोन चांगले सिरॅमिक एच-४ होल्डर. आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून द्या, ८७ वरून दोन्ही बल्बना फीड, ८६ ला जुन्या कपलरमधली डिपरची (दुसऱ्या रिलेला अपरची) वायर, ८५ ला अर्थ. जुना डिपर स्विच आता फक्त रिलेची कॉइल ओढतो, त्याच्यावरचा भार नगण्य होतो. २.५ ची वायर मीटरमागे सुमारे ७ मिलिओहम. १० अँपिअरला दोन मीटरमध्ये गळती जेमतेम ०.१४ व्होल्ट.

बिघडतं ते इथे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो रिलेजवळ बसवला तर मधली वायर कुठे घासून बॉडीला लागल्यावर तिला वाचवणारं काही उरत नाही. रिलेचं तोंड खाली ठेवा, नाहीतर पहिल्या पावसातच त्यात पाणी साचेल. अपर आणि डिपरला एकच फ्यूज देऊ नका, तो उडाला की घाटात एकदम काळोख. अर्थ जवळच्या पत्र्याला स्क्रूने अडकवू नका. रंग खरवडून नट-बोल्टने रिंग थिंबल बसवा नि वर ग्रीस लावा. किनारपट्टीच्या गाडीत त्याहून बरं म्हणजे अर्थचीही वायर सरळ बॅटरीच्या मायनसला न्यायची. आणि आधी एक तपासणी: काही गाड्यांत स्विच प्लस नव्हे, अर्थ तोडतो. तिथे तिसऱ्या, सामाईक पिनेवर प्लस असतो. अशा गाडीत वरची जोडणी तशीच केली तर रिले ओढणारच नाही. त्या ठिकाणी ८६ ला तो प्लस आणि ८५ ला स्विचकडून येणारी वायर.

आता ‘तिप्पट उजेड’. खोक्यावर २०० वॅट, २०,००० ल्युमेन असं काहीबाही छापलेलं असतं. साधा भागाकार करा. २०० वॅट भागिले १२ म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. तो आकडा खरा असता तर गाडीचा मूळ फ्यूज पहिल्याच रात्री उडाला असता. उडत नाही, कारण तो बल्ब प्रत्यक्षात त्याच्या पावपटही घेत नाही. अँपिअर मीटर मध्ये लावला की छापील वॅट कुठल्या कुठे जातात.

पण समजा उजेड खरंच जास्त आहे. तो जातो कुठे? एच-४ च्या काचेत नीट डोकावून पाहा. पुढची डिपरची बारीक फिलामेंट आणि तिच्या पोटाखाली कानकोरण्याच्या टोकाएवढी धातूची वाटी. ही वाटी खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणून डिपरला रिफ्लेक्टरचा वरचाच भाग वापरला जातो आणि समोरच्या भिंतीवर सरळ कापलेली रेघ उमटते. डावीकडे ती रेघ १५ अंशांनी वर चढते, म्हणजे कडेचा सायकलवाला आणि रस्त्यात बसलेली गुरं दिसतात, पण समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. रिफ्लेक्टरचा सगळा वळसा त्या फिलामेंटच्या जागेशी मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवलेला असतो. एलईडी बल्बात त्या जागी पट्टीच्या दोन्ही अंगांना चिकटवलेल्या सपाट चिप्स येतात. पट्टीची जाडी आडवी येते, वर-खाली अंधारी फट राहते, आणि फाटलेला प्रकाश रेघेच्या वर सांडतो. ड्रायव्हरला बंपरपुढचे दहा मीटर लखलखीत दिसतात. डोळ्याची बाहुली त्या उजेडाला आकसते आणि साठ मीटरवरचा खड्डा आधीपेक्षा कमी दिसतो. ‘उजेड वाढला’ असं वाटतं ते यामुळे.

पावसाचा दावा तर उलटाच आहे. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो. पडलेला प्रकाश पुढे निसटून समोरच्या गाडीवर जातो, आपल्याकडे परत येत नाही. जास्त उजेड टाकून तो परत येऊ लागत नाही. धुक्याचे थेंब पांढरा आणि पिवळा दोन्ही जवळजवळ सारखेच विखुरतात, मात्र ६००० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप) निळसर प्रकाशाचा डोळ्यांना होणारा त्रास हॅलोजनच्या ३२०० पेक्षा बराच जास्त. चोर्ला किंवा अनमोड घाटात जुलैच्या पहाटे कामाला येतो तो खाली ठेवलेला, वर न सांडणारा डिपर. अपर लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते, मग बल्ब कोणताही असो.

पावसाळ्याचा आणखी एक मुद्दा त्या सल्ल्यात येतच नाही. हॅलोजनची उष्णता पुढे काचेवर जाते आणि आतली ओल सुकवते. एलईडी आपली उष्णता मागे, पंख्याकडे टाकतो; काच थंडच राहते. शिवाय मागचा पंखा जाड असल्यामुळे मूळ रबरी कव्हर बसत नाही, मग कुणी ते कापतं, कुणी काढूनच टाकतं. जून ते सप्टेंबर त्या भोकातून दमट, खारट हवा आत. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा मुलामा अतिशय पातळ असतो. एका मोसमात त्याला काळे डाग पडतात. तो फडक्याने पुसायचा तर मुळीच नाही, डागासकट मुलामाच निघून येतो. मग बल्ब सोन्याचा घाला, उजेड पडत नाही.

बॅटरीचा दावा, हेच ते अर्धं खरं वाक्य. एलईडी करंट कमी घेतो, हे मान्य. पण इंजिन चालू असताना हेडलाइट अल्टरनेटरवर चालतात, आणि निरोगी अल्टरनेटरला त्या फरकाचं काही वाटत नाही. खरी मेख वेगळी आहे. एलईडीच्या आत ड्रायव्हर सर्किट असतं, ते ११ व्होल्टवरही चिप्सना हवा तेवढा करंट पुरवतं. म्हणून सडक्या वायरिंगवरही एलईडी झळकतो आणि लोकांना चमत्कार वाटतो. सडलेला अर्थ मात्र जागच्या जागी राहतो, आणि त्याच अर्थवर हॉर्न किंवा इंडिकेटर असेल तर पुढची तक्रार तिथून येते.

याच सल्ल्याचा जुना भाऊ म्हणजे १००/९० वॅटचा हॅलोजन. दोन्ही अपर मिळून १६ अँपिअरच्या वर. मूळ वायरिंगवर तो लावला की आधी होल्डर तपकिरी होतो, मग डिपर स्विचचं प्लास्टिक वितळतं. रिले घातला तरी उष्णतेने मुलामा जातोच. निळी झाक दिलेले बल्बही टाळा; निळा थर पिवळा प्रकाश गाळून टाकतो, म्हणजे पैसे देऊन उजेड कमी करून घेतल्यासारखं. साधा ६०/५५ चा, नामांकित कंपनीचा बल्ब जोडीने बदला. काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर बोटाचं तेल तिथे तापून बल्ब लवकर जातो.

वाटणी सांगायची तर उजेड कमी असण्याच्या तक्रारीत बल्बचा वाटा सर्वांत कमी असतो. व्होल्टेज, काच, रिफ्लेक्टर आणि ज्याचं नावही कुणी काढत नाही ते ॲलाइनमेंट (झोताची दिशा), हे खरे धनी. पॉलिकार्बोनेटची काच पिवळी पडली असेल तर ८००, १५००, २००० आणि ३००० चा पाणी-पेपर क्रमाने, मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट. टूथपेस्टने चमकते खरी, पण वर कोट नसेल तर काही महिन्यांत उन्हाने पुन्हा पिवळी.

ॲलाइनमेंटला सपाट जागा आणि १० मीटरवर भिंत. चाकांतली हवा बरोबर करून घ्या. दिव्याचा मध्य जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल तर डिपरची रेघ भिंतीवर ७५ वर हवी, म्हणजे एक टक्का उतार. पिकअपची गोम पुढे आहे. माल भरला की मागचे पाटे दबतात आणि नाक वर होतं. तीन मीटर व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) मागची बाजू ८ सेंटिमीटर बसली की १० मीटरवर रेघ जवळजवळ २७ सेंटिमीटर चढते. १० खाली होती ती १७ वर गेली, थेट समोरच्या मोटारवाल्याच्या डोळ्यांत. म्हणून रिकाम्या गाडीवर सेट करून सोडू नका. बेळगावची भाजी रोज भरून आणणारी गाडी नेहमीच्या भारावरच लावा. डॅशबोर्डवर लेव्हलची चकती असेल तर रिकामी असताना ० वर, भरल्यावर पुढे.

राहिला ‘पासिंगला कुणी विचारत नाही’. केंद्रीय मोटार वाहन नियमावली, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणारा झोत चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ नमुन्यात परस्पर बदल करायला बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी. पासिंगच्या आदल्या दिवशी जुने बल्ब परत घालणारे आहेतच. पण रात्री समोरासमोर अपघात झाला तर तपासात येणारा दिवा त्या दिवशी लावलेलाच असतो.

एलईडीच हवा असेल तर बल्ब नव्हे, एलईडीसाठीच बनवलेलं मान्यताप्राप्त पूर्ण हेडलाइट युनिट घ्या. खरेदी करताना त्याच्यासमोर उभं राहून काचेवरची मोहोर वाचा. युरोपीय खुणेच्या दिव्यावर तुमच्या उजव्या हाताकडे तोंड केलेला बाण असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या रस्त्यांसाठी, म्हणजे आपल्यासाठी. दोन्हीकडे टोकं असलेला बाण असेल तर तो दोन्ही बाजूंना जुळवता येतो, फक्त आतली सेटिंग डावीकडच्या रस्त्यासाठी आहे का ते विचारा. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांचा. त्याची चढती रेघ उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडते, आणि कितीही स्क्रू फिरवले तरी ती डावीकडे येत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे गोल सात इंची दिवे घेताना ही खूण आधी शोधा. विक्रेता फोटोत ती दाखवत नसेल तर दुसरीकडे बघा.