सदतीस कमी, सहा जास्त

"एकवीसशे सतरा?"

"हाय."

"एकवीसशे अठरा?"

कपाटात डोकं घातलेले शिपाईमामा गप्प.

"मामा, एकवीसशे अठरा?"

"एकोणीस हाय. चालंल का?"

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पंखा बंद ठेवून, मी तोंडाला ओढणी आणि मामा टॉवेल बांधून जे सवाल-जवाब करतो, त्याला साठा पडताळणी म्हणतात. पंखा बंद, कारण तो लावला की वर्षभराच्या चिठ्ठ्या-चपाट्या खोलीभर उडतात. परीक्षा संपल्या की बाकीचे शिक्षक पेपर तपासतात आणि मी पुस्तकं मोजते. दाखल नोंदवहीत ४,२१२ पुस्तकं आहेत. ती नोंदवही मात्र कधी हरवत नाही.

आमची शाळा स्वयंअर्थसहाय्यित. २०१२ च्या कायद्यात हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ सोपा आहे: सरकार दमडी देत नाही. त्यामुळे शाळेतला प्रत्येक रुपया पालकांच्या खिशातून निघून खजिनदारांच्या नजरेखालून जातो. माझ्या नेमणूकपत्रावर 'ग्रंथपाल' असं लिहिलंय. त्याखाली 'व संस्था सांगेल ती कामे' हे जरा बारीक अक्षरात आहे. संस्था बरंच सांगते. जूनमध्ये गणवेशाची मापं, जुलैत बसच्या याद्या, गॅदरिंगला मावळ्यांच्या मिशा. आणि वर्षभर ऑफ तास.

ऑफ तास म्हणजे एखादे सर रजेवर गेले की त्यांचा वर्ग 'ग्रंथालयात न्या' असं सांगून माझ्याकडे पाठवतात तो. बावन्न मुलं, खुर्च्या सोळा.

रंगनाथन हे आमच्या व्यवसायाचं दैवत. त्यांच्या नावाने आम्ही १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन करतो. ते मुळात गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि आठवडाभरात इतके कंटाळले, की परत कॉलेजात जाऊन 'मला पुन्हा शिकवायला घ्या' म्हणाले. त्यांना सांगण्यात आलं, आधी लंडनला जाऊन या, नंतरही कंटाळा आला तर बघू. ते गेले आणि ग्रंथालयशास्त्राचेच झाले. मीही पहिल्याच आठवड्यात हेडसरांच्या दारात उभी राहिले होते. हेडसर म्हणाले, "आधी आठवी ब ला जाऊन या."

एका १२ ऑगस्टला मी हौसेने फळ्यावर रंगनाथनांचे पाच नियम लिहिले होते. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि पाचवा: ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब नेमके त्याच दिवशी फेरी मारायला आले. पहिले चार नियम त्यांनी वेग कमी न करता वाचले. पाचव्यापाशी थांबले. 'वर्धिष्णू' हा राजमुद्रेतला शब्द, तो दिसला की इकडच्या माणसाची छाती आपोआप दोन इंच पुढे येते. त्यात शेजारी 'संस्था'. म्हणाले, "मॅडम, वाक्य फार सुंदर आहे. प्रवेशद्वारावर घ्या."

पेंटरला जागा कमी पडली, म्हणून त्याने पहिला शब्द गाळला. आज आमच्या फाटकावर दादासाहेबांच्या फोटोच्या खाली 'ही वर्धिष्णू संस्था आहे' असं लाल अक्षरांत आहे. रंगनाथनांचं एवढं मोठं स्मारक तालुक्यात दुसरं नाही, पण ते त्यांचं आहे हे फक्त मला आणि फळ्याला माहीत.

वर्गीकरणाचंही सांगते, थोडक्यात. अमेरिकेतल्या मेलव्हिल ड्यूईने १८७६ मध्ये जगातलं सगळं ज्ञान ००० ते ९९९ मध्ये बसवलं. त्याच्या हिशोबात मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३. आता आमच्या पाचवीच्या गोष्टीच्या पुस्तकाला पानं सोळा आणि पिना दोन. क्रमांकाचं लेबल पुस्तकाच्या पाठीवर लावायचं, पण इथे पाठ म्हणावी असा भागच नाही. लेबल चिकटवलं की ८९१ पुढच्या कव्हरवर आणि ४६३ मागच्या. धर्माला ड्यूईने २०० चं अख्खं शतक दिलं, पण त्यातले २२० ते २८९ बायबल आणि ख्रिस्ती धर्माला. उरलेल्या जगाचे सगळे देव २९० च्या चाळीत दाटीवाटीने राहतात. आपण २९४.५, म्हणजे जिन्याखालची खोली. मामांना हे मान्य नाही. ते पोथ्या, अभंग, चरित्रं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतात, 'पाय लागाय नगो' म्हणून. वरच्या फळीला शिडी लागते, शिडी गॅदरिंगच्या मंडपात गेली ती आलेली नाही. त्यामुळे आमचे संत सुरक्षित आहेत.

तर मोजणी. पहिले दोन दिवस उत्साहाचे असतात. तिसऱ्या दिवशी डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं धरतं आणि माणूस पुस्तकांशी बोलायला लागतो. कसर लागलेलं पुस्तक उघडलं की आतून चंदेरी किडा असा सुळकन निघून जातो, जणू त्याचा तास संपला. एका पुस्तकात बसचा पास सापडला, एकात पापडाचा तुकडा, एकात 'मी तुझ्याशी कट्टी आहे. पान ३४ बघ' अशी चिठ्ठी. पान ३४ वर 'पान ६० बघ'. मी पान ६० पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'मॅडम, तुम्ही पण?'

काही पुस्तकं कधीच कमी भरत नाहीत. दादासाहेबांच्या षष्ट्यब्दीपूर्तीचा गौरवग्रंथ, आर्ट पेपर, सव्वा किलो, प्रती ४०. दर वर्षी चाळीसच्या चाळीस हजर. यंदा मात्र मामांनी मोजल्या आणि एकोणचाळीस म्हणाले. मी पुन्हा मोजायला लावलं. एकोणचाळीस. मला खरंच भरून आलं. कुणीतरी नेला! कुणीतरी रात्री दिव्याखाली बसून दादासाहेबांचं बालपण वाचतोय! तिसरा नियम, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक.

मामा म्हणाले, "ती एक कंप्यूटरच्या टेबलाखाली हाय. पाय हालत हुता."

कोणती पुस्तकं गेली, ते यादी न बघताही सांगता येतं. भुतांची सगळी. क्रिकेटची सगळी, ७९६.३५८ ही फळीच रिकामी. 'घरच्या घरी जादूचे प्रयोग', जे खरोखर अदृश्य झालं. रांगोळीचं एक, ते मुलांनी नव्हे, स्टाफरूमने नेलं असावं असा मला संशय आहे, पण स्टाफरूमवर संशय घ्यायला ग्रंथपालाची पायरी कमी पडते. आणि दाखल क्रमांक २११८, भुताच्या गोष्टी, किंमत १२० रुपये. त्याच्या तारखेच्या चिठ्ठीवर जागा संपली म्हणून मी दुसरी चिठ्ठी चिकटवली होती. तेवढ्यांदा बाहेर जाऊन ते परत आलं होतं. यंदा आलं नाही.

शनिवारी दुपारी आकडा लागला. कमी: ३७.

मी डोक्याला हात लावून बसले तेवढ्यात मामांनी कपाटामागून केरसुणीने काहीतरी ओढलं. सहा पुस्तकं, जळमटासकट. उघडून पाहिली तर नोंदवहीत एकही नाही. हा आमच्या वाढदिवस योजनेचा प्रसाद. 'वाढदिवसाला चॉकलेट नको, शाळेला पुस्तक भेट द्या' असं परिपत्रक हेडसरांनी काढल्यापासून आयांनी घराघरांतले माळे साफ केले. भेटीत पंचांगं आली, दोन दिवाळी अंक, विमा कंपनीची डायरी, 'गर्भवतीचा आहार'. ह्या सहांपैकी एकावर तर शेजारच्या तालुक्यातल्या सार्वजनिक वाचनालयाचा गोल शिक्का होता आणि खाली लिहिलेलं, 'हे पुस्तक आठ दिवसांत परत करावे'. तारीख २०१४ ची.

कमी पडलेल्या पुस्तकांसाठी अहवालात रकाना आहे. जास्त निघालेल्यांसाठी नाही. पुस्तकं हरवतात हे शासनाला ठाऊक आहे, ती वाढतील असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

मामांनी हिशोब केला. "सदतिसातनं ही सा वजा करा. एकतीस ऱ्हात्यात. फिटंफाट."

"मामा, असं नसतं."

"किराणा दुकानात आसतंय."

मी वजा केलं नाही. आता वाटतं, मामांचं ऐकायला हवं होतं. पुढचा ताप वाचला असता.

सोमवारी खजिनदार शेठ आले. त्यांचं स्टँडवर सिमेंट आणि लोखंडाचं दुकान आहे. मी तयारीनिशी बसले होते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीत, नियम २१५ आहे: वर्षभरात दिल्या-घेतलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी समजावं, फक्त त्यात बेईमानी किंवा हलगर्जी नसावी. मी ते लाल पेनाने अधोरेखित करून नेलं होतं. आमची वर्षाची देवघेव ६,२००, म्हणजे एकतीस पुस्तकं हरवायला भारत सरकारची हरकत नाही.

शेठनी कागद लांब धरून वाचला. "हे कुणासाठी?"

"केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी."

"आपण केंद्र सरकारचे?"

"नाही."

"राज्याचे?"

"नाही. पण तत्त्व म्हणून—"

"मॅडम, हजार पोती सिमेंट आलं आणि पाच कमी भरली तर मी तत्त्व म्हणून गप्प बसू?"

"शेठ, सिमेंट कुणी घरी नेऊन परत आणून देत नाही. इथे सहा हजार दोनशे वेळा पुस्तक बाहेर गेलं. सहा हजार एकशे त्रेसष्ट वेळा परत आलं."

हे वाक्य मी रविवारभर घोकलं होतं. शेठ दोन सेकंद थांबले. मग म्हणाले, "मग वाचून परतच द्यायचं तर नेतात कशाला? इथंच वाचायचं. कपाटाला कुलूप लावा."

हेडसर मध्ये पडले. कपाट बंद ठेवलं तर हरवणार काहीच नाही, हे खरं, पण तपासणीला साहेब आले की देवघेव रजिस्टर बघतात, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. 'साहेब' हा शब्द लागू पडला. शेठनी माझा कागद पुन्हा उचलला आणि आता त्यांना तो एकदम आवडला. "बरं, एकतीस सरकारच्या नियमाने माफ. वरची सहा?"

"त्यांची चौकशी—"

"चौकशी कसली? मॅडमच्या पगारातून."

सहा पुस्तकांचे सातशे पंचेचाळीस रुपये झाले. त्यात २११८ होतं. यादी तीन प्रतींत टाइप झाली, सह्या झाल्या, नोंदवहीत सदतीस ठिकाणी तांबड्या शाईने 'निर्लेखित', म्हणजे साठ्यातून कायमचं कमी, असं लिहिलं. हात दुखला.

राहिला तो गोल शिक्का. दुसऱ्याचं पुस्तक घरात असलं की मला झोप लागत नाही, हा ग्रंथपालाचा आजार. पुढच्या रविवारी एसटीने त्या 'क' वर्ग वाचनालयात गेले. पत्र्याची शेड, बाहेर वर्तमानपत्राच्या स्टँडला टेकून झोपलेलं कुत्रं, आत ग्रंथपाल काका. मी पुस्तक पुढे केलं. "तुमचं आहे. जरा उशीर झाला."

काकांनी शिक्का पाहिला, मोठं रजिस्टर काढलं, बोट फिरवत नेलं आणि मान हलवली. तिथे तांबडी शाई. मला ती शाई ओळखू आली, एकाच कंपनीची.

"२०१९ ला निर्लेखित झालंय. घेता येणार नाही."

"अहो, पण हे बघा, हातात आहे माझ्या."

"तुमच्या हातात आहे. माझ्या रजिस्टरात नाही. घेतलं तर ऑडिटला काय सांगू, मेलेलं पुस्तक उठून आलं?"

"भेट म्हणून घ्या."

"आमचंच पुस्तक आम्हाला भेट? त्यावर आमचाच शिक्का?" मग त्यांचा चेहरा बदलला. "थांबा. तुम्ही त्या फाटकावर वर्धिष्णू लिहिलेल्या शाळेच्या का?"

ते खाली वाकले आणि टेबलाखालून युरियाची रिकामी पिशवी काढली. आत दहा-बारा पुस्तकं, कुठल्या कुठल्या शिक्क्यांची. लोक परत करताना चुकून दुसऱ्याचीच आणून देतात म्हणाले. त्यातलं एक त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. वर दोन तारखेच्या चिठ्ठ्या, एकीवर एक. मी पान ५१ उघडलं. ते आमचं गुप्त पान, तिथे शिक्का मारायचा आणि कुणाला सांगायचं नाही असा नियम आहे. शिक्का होता. शेजारी पेन्सिलने, 'हे गुप्त पान आहे'.

दाखल क्रमांक २११८.

"घेऊन जा," काका म्हणाले.

"नाही घेता येणार," मी म्हणाले. "सोमवारीच निर्लेखित केलं."

दोघांनीही चहा घेतला. मेलेली दोन पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी. काकांनी विचारलं, पगारातून पैसे कापले असतील तर ते आता तुमचंच नाही का? ह्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. शेवटी दोन्ही माझ्याच पिशवीत आली. एसटीत मी त्यातली पहिली गोष्ट वाचायला घेतली आणि माझा थांबा चुकला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी मी ती दोन पुस्तकं खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली, नोंद नाही, कार्ड नाही, काही नाही. मधल्या सुट्टीत आठवी ब, आता नववी ब, येऊन गेली. घंटा झाल्यावर मामा झाडायला आले आणि टेबलापाशी थांबले.

"मॅडम, हितली दोन गेली की. कमी लिहू?"

"कशातनं?"