मैत्रीण येतेय ना, मग देश मोजत बसू नका

सध्या इथे जर्मनीतल्या प्रत्येक मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय. इंडियातून बेस्ट फ्रेंड येतेय, दहा दिवस हातात आहेत, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम एवढं कव्हर होईल ना? आणि खाली लगेच लोकांच्या एक्सेल शीट पडायला लागतात, सकाळी सहाची ट्रेन, दुपारी चेक इन, संध्याकाळी वॉकिंग टूर, दुसऱ्या दिवशी पहाटे परत बॅगा उचला. मला हे अजिबात पटत नाही, आणि हे मी इथे बरीच वर्षं राहून, बऱ्याच पाहुण्यांना फिरवून सांगतेय.

ग्रुप टूर वाईट असं माझं म्हणणं नाही हं. आईवडील वयस्कर असतील, घरचं जेवण लागत असेल, बॅगा उचलणं होत नसेल तर टूर उत्तमच. पण तुमची लहानपणापासूनची मैत्रीण एवढे पैसे खर्चून, घर मार्गी लावून, रजा काढून येते ती फक्त युरोप बघायला येत नाही ना, ती तुमच्याकडे येते. तुम्ही कुठे राहता, भाजी कुठून आणता, ऑफिसला कशा जाता, हिवाळ्यात एकट्या कशा राहिलात हे सगळं तिने इतकी वर्षं फोनवर ऐकलेलं असतं. ते तिला बघायचं असतं. आणि आपण काय करतो, तर तिला घरात एक रात्र झोपवून दुसऱ्या दिवशी पायाला भिंगरी लावून पळवत सुटतो.

या मे महिन्यात माझी मैत्रीण आली होती. सांगलीची, शाळेत चित्रकला शिकवते. आम्ही पाचवीपासून एका बाकावर, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा बरोबर दिल्या, तिचा हात चांगला होता म्हणून ती चित्रकलेत राहिली आणि मी इंजिनिअरिंग करून पुण्यात आणि तिथून स्टुटगार्टला आले. मधे तिचं लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण, शाळेची नोकरी, सगळं एका दमात झालं. तिने या ट्रिपसाठी भिशी लावली होती आणि ती मोडू दिली नाही, घरात कितीही अडचण आली तरी. येताना तिला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "एकटीच? मिस्टर नाही येणार?" याचा मला खरंच राग येतो. चाळिशीतली बाई स्वतःच्या पैशाने मैत्रिणीकडे जातेय यात विचारण्यासारखं काय आहे? मिस्टर मित्रांबरोबर गोव्याला जातात तेव्हा कोणी विचारतं का, वहिनी नाही येणार?

असो. व्हिसाचं थोडं सांगते कारण तिथेच बऱ्याच जणी हाय खातात. शेंगेन व्हिसा, म्हणजे एकाच व्हिसावर युरोपातले बरेच देश, त्याची फी आता ९० युरो आहे, जून २०२४ पासून, त्याआधी ८० होती. वर व्हिसा सेंटरची सर्व्हिस फी वेगळी. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा लागतो. जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, त्यामुळे माझ्याकडे मुक्काम असल्याने आमचं काम सोपं झालं. मी इथल्या सरकारी ऑफिसात जाऊन फॉर्मल ऑब्लिगेशन लेटर काढलं, त्याची फी २९ युरो, त्यासाठी माझ्या सॅलरी स्लिपा दाखवल्या, म्हणजे तिचा इथला खर्च मी उचलू शकते अशी माझी लेखी हमी. तिची स्वतःची सॅलरी स्लिप, शाळेचं रजेचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट हे सगळं होतंच. पुण्याच्या सेंटरला ती सांगलीहून पहाटेच्या गाडीने गेली आणि संध्याकाळी घरी परत.

आणि बॅगेत काय आणायचं नाही हे आधीच सांगून ठेवा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत, अगदी स्वतःच्या खाण्यासाठी सुद्धा. म्हणजे वाडीचे पेढे नाहीत, घरचं तूप नाही. तिच्या आईला हे ऐकून फार वाईट वाटलं. मग भडंग आलं, कांदा लसूण मसाला आला, मेतकूट आलं, आणि आईने हाताने केलेल्या सांडग्यांची पिशवी, जी मी अजून पुरवून पुरवून वापरतेय.

तर आम्ही काय ठरवलं, मुक्काम एकच, माझं घर. बाहेर रात्री राहायचं ते फक्त पॅरिसला, कारण पॅरिसला तिला जायचंच होतं आणि का जायचं होतं ते खाली सांगते. बाकी सगळं सकाळी निघून रात्री घरी. तिच्यासाठी महिन्याचं डॉइचलांड तिकीट काढलं, २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा ४९ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालंय, तरीही पाहुण्यांसाठी याच्याइतकं स्वस्त काही नाही कारण लोकल, ट्राम, बस, रिजनल ट्रेन सगळं त्यात येतं, अख्ख्या देशात. दोनच गोष्टी लक्षात ठेवा, आयसीई आयसी या फास्ट गाड्यांना ते चालत नाही, आणि ते सबस्क्रिप्शन असतं म्हणून महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल करायचं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कटतात.

स्टुटगार्ट म्हणजे टुरिस्ट लोकांच्या यादीत नसलेलं गाव, गाड्यांचे कारखाने आहेत एवढंच लोकांना माहीत. पण मी म्हणते गाव दाखवायचं तर आपलंच दाखवावं. टेकड्यांमध्ये वसलंय, चढायला उतरायला शेकडो पायऱ्यांच्या वाटा आहेत, शहराच्या मधेच द्राक्षाचे मळे आहेत आणि ते बघून सांगलीच्या बाईला काय वाटलं असेल, तिने पहिल्याच दिवशी एका मळ्याच्या बांधावर उभं राहून छाटणी कशी केलीय ते बघितलं आणि तिच्या तासगावच्या मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामा तिकडून प्रश्न विचारतायत, आम्ही इकडून उत्तरं शोधतोय. हे कुठल्या आयटिनररीत बसतं सांगा.

मग तिला लीडरहाले, म्हणजे इथलं मोठं सभागृह, दाखवायला नेलं. ऑगस्ट १९०७ मध्ये स्टुटगार्टला समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथे मादाम कामांनी भारताचा झेंडा फडकवला. तेव्हाची इमारत दुसऱ्या महायुद्धात गेली, आत्ताची १९५६ ची आहे, पण जागा तीच. आणि तो झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणला, तो पुण्यात केसरीवाड्यात आहे. आमच्या मैत्रिणीने शाळेत दर पंधरा ऑगस्टला फलकलेखन केलंय, मादाम कामांचं चित्र खडूने काढलंय, आणि ती त्या फुटपाथवर उभी होती. तिने तिथूनच मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटी आहेत हे पण इथल्या किती मराठी लोकांना माहीत असतं, मला शंका आहे.

आमच्या गल्लीत फुटपाथमध्ये बसवलेले पितळी दगड आहेत, दहा सेंटीमीटरचे चौकोन, नाझी काळात त्या घरातून ज्यांना नेलं त्यांची नावं, जन्मसाल, कुठे नेलं ते कोरलेलं. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने हे काम सुरू केलं आणि आता युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. मी रोज त्यांच्यावरून ऑफिसला जाते. ती मात्र थांबली, खाली बसली, एकेक अक्षर वाचलं, आणि विचारलं की शेजारी तेव्हा काय करत होते. त्यावर आम्ही रात्री जेवताना खूप वेळ बोललो, भारताबद्दलही बोललो. पाच देश करायचे असते तर हे बोलणं झालंच नसतं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. एका रविवारी दुकानं बंद, आम्ही घरीच, खाली बिल्डिंगमधली मुलं फुटपाथवर रंगीत खडूने रेघोट्या मारत होती, इथे मुलांना तसे जाड खडू मिळतात आणि पावसाने ते धुऊन जातं म्हणून कोणी ओरडत नाही. ही खाली गेली. जर्मनचा एक शब्द येत नाही. मुलांकडून एक पांढरा खडू मागितला आणि ठिपके द्यायला सुरुवात केली, नऊ ते नऊ. मुलं आधी नुसती बघत बसली, तिने रेघ फिरवायला सुरुवात केली तसा एका मुलीने हात पुढे केला, मग हिने तिचं बोट धरून ठिपक्याभोवतून कसं वळायचं ते दाखवलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मुलगी स्वतः वळली. थोड्या वेळाने तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. या आजी तशा कडक, पायऱ्या झाडायची माझी पाळी आली आणि मी उशीर केला की दारावर टकटक करणाऱ्या. त्या खुर्ची घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या, आणि रंग भरायला लागल्यावर कुठला रंग कुठे हे हातवारे करून सांगायला लागल्या. हिने ऐकलं पण. मी इतकी वर्षं या बिल्डिंगमध्ये राहते, आजींशी माझं बोलणं कचऱ्याचे डबे आणि पार्सल यापलीकडे गेलं नव्हतं. आता त्या मला जिन्यात थांबवून विचारतात, मैत्रीण परत कधी येणार.

एक दिवस तिला मुद्दाम एकटीला सोडलं. मला ऑफिस होतं, रजा काढता आली असती पण नाही काढली. घराची किल्ली, ट्रामचा नंबर, माझा फोन नंबर कागदावर, बस. ती सिटी लायब्ररीत गेली, ती मोठी पांढरी चौकोनी इमारत, २०११ ला उघडलेली, आतून पण सगळी पांढरी आणि मजल्यामजल्यांवर पुस्तकांचे रंग, कोणालाही फुकट आत जाता येतं. तिथे बसून तिने दिवसभर स्केचिंग केलं. संध्याकाळी म्हणाली, "अगं, आज दिवसभरात मला कोणी हाक मारली नाही." हे ती आनंदाने सांगत होती. ज्या बाईला घरात दर पाच मिनिटांनी कोणीतरी हाक मारतं तिला असा एक दिवस देणं मला आयफेल टॉवरपेक्षा मोठं वाटतं.

पॅरिसला मात्र आम्ही गेलो. स्टुटगार्टहून थेट ट्रेन साधारण सव्वातीन तासांत पोचवते. लूव्र म्युझियम केलं नाही. युरोपाबाहेरच्या पर्यटकांना तिथे जानेवारी २०२६ पासून ३२ युरो तिकीट आहे, पण कारण ते नव्हतं. तिला ऑर्से म्युझियम बघायचं होतं, व्हॅन गॉगसाठी, आणि म्हणून आम्ही पूर्ण वेळ तिथेच दिला. १९०० सालचं रेल्वे स्टेशन आहे ते, १९८६ मध्ये त्याचं म्युझियम झालं. सोमवारी बंद, गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं, आम्ही मुद्दाम गुरुवार धरला आणि संध्याकाळी गर्दी बरीच पातळ झाली. ऱ्होन नदीवरची चांदण्यांची रात्र, १८८८ चं चित्र, हे ती वर्षानुवर्षं आठवी नववीच्या मुलांना मोबाईलवर दाखवत आलीय. समोर आल्यावर ती आधी लांबून बघत राहिली, मग पुढे झाली, मग अगदी बाजूला जाऊन कडेने बघायला लागली. मला म्हणाली इकडे ये, कडेने बघ, चांदण्यांच्या जागी रंग किती जाड बसलाय, फोटोत हे दिसतच नाही. आणि पाण्यातले दिव्यांचे उजेड तिने बोटाने हवेत काढून दाखवले, वरून खाली आडवे तुटक तुटक फटकारे. मग एकदम, "अगं हे सप्तर्षी आहेत!" खरंच आहेत. मी ते चित्र कितीदा तरी पाहिलंय पण मला कधी दिसले नव्हते. बाकावर बसून ती रडली, मी पण रडले, आणि नंतर आम्ही परत जाऊन तेच चित्र बघितलं.

घरच्या ग्रुपवर आमचे फोटो गेल्यावर प्रश्न आले, पॅरिसपर्यंत जाऊन टॉवरवर चढला नाहीत? स्वित्झर्लंड नाही? चढलो नाही. रात्री दर तासाला पाच मिनिटं तो चमचमतो ते नदीच्या काठाने चालताना बघितलं, छान दिसतो. आणि स्वित्झर्लंडचं म्हणाल तर एक दिवस स्विस सीमेवरच्या कॉन्स्टान्झ या जर्मन गावाला गेलो होतो, तिथे दोन देशांमधलं महायुद्धाच्या काळातलं कुंपण २००६ मध्ये काढून टाकलं आणि त्या रेषेवर शिल्पं उभी केली, त्या शिल्पांमधून चालत आम्ही पलीकडे गेलो, तळ्याकाठी बसून घरून नेलेली थालीपीठं खाल्ली आणि परत आलो.

पैशाबद्दल पण स्पष्ट बोलते. एक युरो शंभर रुपयांच्या वर गेलाय, चार युरोची कॉफी म्हणजे चारशेच्या वर, पाहुणी मनातल्या मनात गुणाकार करत असते आणि तोंडाने म्हणते मला कॉफी नकोय. आणि आपण सगळं बिल भरत सुटलो तर तिला ओशाळं होतं. म्हणून आम्ही ती यायच्या आधीच फोनवर ठरवलं, राहणं आणि जेवण माझं, प्रवास आणि तिकिटं ज्याची त्याने. भिशीचे पैसे तिला स्वतःवर खर्च करायचे होते, तो तिचा हक्क आहे, मी मोठेपणा करून तो घेणार नव्हते.

तिच्या स्टाफरूममधल्या दोन बाई आता विचारतायत की आम्हाला जमेल का. जमेल. शाळेत नोकरी असेल तर सुट्टी मे आणि जूनच्या मध्यापर्यंतच, आणि त्याच दिवसांत सगळ्यांना यायचं असतं म्हणून व्हिसाच्या अपॉइंटमेंट संपतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो आणि साधारण पंधरा दिवसांत निर्णय येतो, तेव्हा पुढच्या मे महिन्यासाठी दिवाळीतच तारखा ठरवा आणि जानेवारीत कागद गोळा करून अर्ज टाका. स्टुटगार्टला यायचं असेल आणि हॉटेल परवडत नसेल तर मला मेसेज करा, माझ्याकडे एक खोली आहे.