68 किलो मोटारी

मोटारींच्या मासिकाचा एक अंक घ्या. दीडशे पानं, गुळगुळीत कागद, वर जाड मुखपृष्ठ. वजन साधारण 375 ग्रॅम. हातात घेतला तर काहीच नाही. पण वर्षाचे बारा अंक म्हणजे साडेचार किलो, आणि पंधरा वर्षं नेमाने अंक घेणाऱ्या सज्जनाच्या माळ्यावर 68 किलो. एक पूर्ण वाढलेला माणूस स्वयंपाकघराच्या वर पंधरा वर्षं आडवा पडून आहे आणि घरची मंडळी त्याच्याखाली रोज भाकरी थापताहेत. त्यांनी कधी तोंड उघडलं, तर चूक त्यांची नाही.

खानदेशात हा विषय वर्षातून दोनदा निघतो. एकदा दिवाळीच्या साफसफाईत आणि एकदा उन्हाळी कामं निघतात तेव्हा. पापड, कुरडया, बिबडे वाळवायला गच्ची लागते, खाटा लागतात, जुनी लुगडी-धोतरं लागतात, आणि ती नेमकी मासिकांच्या गठ्ठ्यामागे कोंबलेली असतात. मग खालून आवाज येतो, "अहो, तुमच्या या मोटारींचं काय करायचं?" त्यातलं प्रश्नचिन्ह व्याकरणापुरतं.

चटकन सुचणारं उत्तर म्हणजे रद्दी. रद्दीवाला गठ्ठा बघतो, एका पानावरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "हाऊ चिकना कागद शे भाऊ, याले पेपरना भाव भेटत नही." माणूस लबाड आहे असं वाटतं, पण तो बरोबर असतो. या कागदावर चिनी मातीचा किंवा चुन्याच्या भुकटीचा लेप असतो. फोटो खुलतो तो त्या लेपामुळे आणि अंक जड होतो तोही त्याच्यामुळेच. कागद गिरणीत लगदा करताना मात्र ही माती धुऊन जाते आणि हाती धागा कमी लागतो. वर्तमानपत्र म्हणजे बराचसा नुसता धागा. थोडक्यात, आपण इतकी वर्षं फेरारीच्या फोटोखाली माती जपून ठेवलेली असते, आणि तागडीला ती कळते.

मग कुणीतरी आंघोळीच्या पाण्याचा बंब सुचवतं. नको. हा कागद पेटता पेटत नाही, पेटलाच तर काजळी धरतो, आणि ती माती जळत नसल्यामुळे राखेचे पापुद्रे बंबाच्या जाळीत अडकून बसतात. भरिताची वांगी भाजायला तर चुकूनही नको. त्यासाठी कपाशीच्या काड्या देवाने दिलेल्या आहेत. रंगीत शाईच्या धुरावर भाजलेलं वांगं आणि त्याला आलेला छपाईचा वास, असलं भरीत पाहुण्यांसमोर ठेवायला मोठी छाती लागते. भजी बांधायला म्हणाल, तर छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत हे आता सरकारच सांगतं. तसाही हा कागद तेल पीत नाही. भजी एका जागी, तेल दुसऱ्या जागी आणि शर्ट मधोमध.

तेव्हा ठेवणं आलं. आणि खरी परीक्षा इथेच सुरू होते, कारण कागदाचे जेवढे शत्रू आहेत, त्यांचं माहेर खानदेशात आहे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांपुढे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. गोंदाने चिकटवलेल्या चौकोनी पाठीच्या अंकांचा गोंद अशा उष्णतेत वर्षानुवर्षं वाळत जातो, त्याची लवचीकता संपते, आणि एके दिवशी अंक पूर्ण उघडला की पाठ 'कट्' करून तडकते. मग पानं पत्त्यांसारखी हातात येतात. असा अंक 90 अंशांपेक्षा जास्त उघडायचा नाही, वाचायचं असेल तर मान वाकडी करायची. पिनांच्या अंकांची गोष्ट वेगळी. त्यांची पाठ टिकते, पण पावसाळ्यात पिना गंजतात आणि मधल्या पानावर, म्हणजे बरोबर पोस्टरच्या पोटावर, तांबूस डाग पडतो. गंजलेली पीन आतल्या बाजूने बोथट सुरीने उचकटून काढावी आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ मारावी. पाच मिनिटांचं काम आहे. पक्कड लावून ओढली की पीन येते आणि सोबत पानही येतं.

सगळ्यात वाईट म्हणजे पाणी. साधा कागद भिजला तर वाळवता येतो, थोडा फुगतो इतकंच. लेपाचा कागद भिजला की लेपातला चिकट पदार्थ सुटतो आणि पानाला पान चिकटतं. ओलं आहे तोवर एकेक पान सोडवता येतं. एकदा चिकटून वाळलं की ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. ओढलं तर एका पानावरची सँट्रो दुसऱ्या पानावरच्या मॅटिझला लागून येते, आणि दोन्ही कंपन्यांना हे आवडलं नसतं. म्हणून माळ्यावर गळती दिसली तर चहा नंतर घ्यावा, आधी अंक उतरवावेत. उभे करून पानं पंख्यासारखी पसरावीत, टेबल फॅन बाजूने लावावा, मधूनमधून सुटा कोरा कागद घालावा. उन्हात ठेवू नये, कागद वेडावाकडा होतो. शिवाय गच्चीवर जागा नसतेच, तिथे बिबडे असतात.

एकाच वेळी सगळे सोडवणं जमणार नसेल तर भिजलेले अंक पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत. गोठलेलं पान चिकटत नाही, नंतर सवडीने दोन-दोन काढता येतात. कसरीलाही हेच औषध. ती चंदेरी, सुळकन पळणारी कसर लेपातल्या खळीवर जगते. हवाबंद पिशवी, उणे 18 अंश, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवायची, नाहीतर थंड अंकावर दव धरतं. घरच्या फ्रीझरमध्ये वाटाणे आणि आमरस असल्यामुळे तिथे दोन आठवड्यांची परवानगी मिळणं कठीण. रावेर-सावद्याकडे केळीची एवढी शीतगृहं आहेत, तिथे ओळखीने ठेवू, असं कुणी सुचवेल. उपयोग नाही. केळी साधारण 13 अंशांच्या खाली गेली की तिची साल काळी पडते, म्हणून तिथलं तापमान त्याच्या आसपासच ठेवतात. आपल्याकडचा उन्हाळा बघता तेवढ्या गारव्यात कसरीला महाबळेश्वरला गेल्यासारखं वाटेल.

वाळवी हा वेगळा अध्याय. ती कपाटातून येत नाही, भिंतीतून येते. म्हणून रॅक भिंतीपासून चार बोटं लांब आणि जमिनीपासून वीतभर वर हवं, आणि दर महिन्याला मागे बॅटरी मारून मातीची रेघ दिसते का ते बघायचं. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेला. ओला पाला म्हणजे आपणच आत नेऊन ठेवलेला ओलावा. वर ठेवायला प्लास्टिकची पाकिटं घ्याल तर पॉलिप्रॉपिलीनची. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटाला काही वर्षांनी शाई चिकटते.

फळीचा हिशोब सुताराला सांगू नका, आपण करा. हे 180 अंक उभे लावले तर जेमतेम मीटरभर जागा घेतात. म्हणून लोक एकाच लांब फळीवर मांडतात आणि वर्षभरात फळीचा झोपाळा होतो. मीटरभर फळीवर 68 किलो ही चेष्टा नाही. 19 मिलिमीटरचा प्लाय आणि दर दोन फुटांवर आधार, याहून कमी नको. अंक उभे ठेवायचे तर घट्ट, नाहीतर कमरेत वाकतात. आडवे ठेवायचे तर एका गठ्ठ्याची उंची वीतभरच. पिनांचे अंक असतील तर दर दहांची पाठ उलटसुलट ठेवावी, म्हणजे गठ्ठा एका बाजूला कलत नाही.

एवढं वाचून दमलात ना? मग आता मुद्द्याचं ऐका. सगळे ठेवायचेच नाहीत. आणि काय ठेवायचं याबाबत जवळजवळ सगळ्यांचा निर्णय उलटा असतो. लोक फेरारी ठेवतात आणि फियाट युनो रद्दीत घालतात. अहो, फेरारीचा फोटो आज शेंबड्या पोराच्या फोनमध्ये आहे. पण 1996 ची युनो, तिच्या नोंदणीसाठी उडालेली झुंबड, तिच्या दाराचं आतलं कापड, डॅशबोर्डवरची बटणं, हे सगळं नीट छापलेलं कुठे सापडणार?

1993 मध्ये मोटार उद्योगावरची परवान्याची अट गेली आणि पुढच्या पाच वर्षांत आपल्या रस्त्यांवर सिएलो, एस्टीम, सुमो, अॅस्ट्रा, युनो, मॅटिझ, सँट्रो, सिटी, इंडिका अशी रांग लागली. त्यातल्या बऱ्याच गाड्या आता भंगारातही दिसत नाहीत. ओव्हरड्राइव्ह 1998 मध्ये निघालं, ऑटोकार इंडिया 1999 मध्ये. म्हणजे या मासिकांचे सुरुवातीचे अंक नेमके त्या धामधुमीतले. ते ठेवा. बंद पडलेल्या मासिकांचे सुटे अंक ठेवा. जानेवारी 2008 मध्ये दिल्लीत नॅनो दाखवली तेव्हाचा अंक ठेवा, 1 लाखाची गाडी म्हणून सगळे कसे हरखले होते ते त्यात दिसतं. आणि शोरूममधून आणलेली माहितीपत्रकं, गाडीसोबत मिळालेली पुस्तिका, वर्कशॉपची जाड पुस्तकं यांना तर हातच लावू देऊ नका. मासिकापेक्षा गिऱ्हाईक त्यांना जास्त आहे.

गिऱ्हाईक म्हणजे कोण? एमएच 19 किंवा एमएच 18 नंबरची जुनी काँटेसा, पद्मिनी किंवा जीप नीट करायला काढलेला माणूस. त्याला इंजिनचं मेकॅनिक सांगतो, पण मूळ चाकाची टोपी कशी होती, सीटच्या कापडाला रेघा होत्या की चौकडा, मागचं नाव डावीकडे होतं की उजवीकडे, हे कुणाला आठवत नाही. 2021 पासून 50 वर्षांवरच्या आणि मूळ रूपातल्या गाडीची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. तेव्हा हे मूळ रूप त्याला जुन्या पानावरच शोधावं लागतं. जाहिरातीसुद्धा फेकू नका, गाडीचा खरा रंग पुष्कळदा जाहिरातीतच नीट दिसतो. मात्र विकताना अंक पूर्ण हवा. पोस्टर काढून हॉस्टेलच्या भिंतीवर लावलं असेल, बक्षीस योजनेचं कूपन कापलं असेल, तर भाव निम्म्याखाली येतो, आणि कूपनातून मिळालं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

टाकायचे कुठले? विदेशी सुपरकारच्या चाचण्या, 'लवकरच येणार' म्हणून झाकलेल्या गाड्यांचे चोरटे फोटो, वर्षाचे पुरस्कार. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे आकडे जळगावच्या अजिंठा चौफुलीवर सकाळी दहाच्या गर्दीत कुणाच्या उपयोगी पडले आहेत?

टाकण्याआधी हवी ती पानं फोनवर घ्या. खिडकीचा उजेड बाजूने, फ्लॅश बंद, पानाखाली काळा कागद, म्हणजे मागची छपाई झिरपून दिसत नाही. स्कॅनर असेल तर 300 डीपीआय पुरे. छापील फोटोवर जाळीसारखे तरंग दिसले तर स्कॅनरमधला 'डिस्क्रीन' हा पर्याय चालू करायचा. फाइलला नाव देताना वर्ष, महिना, गाडी या क्रमाने द्या. 'नवीन फोल्डर (3)' या नावाने साठवलेलं काहीही पुन्हा सापडत नाही. आणि हे सगळं आपल्या वाचनापुरतं, वाटत सुटायचं नाही.

उरलेल्या अंकांना गिऱ्हाईक आहे, फक्त पैसे देणारं नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडची पोरं इंजिनाच्या उभ्या छेदाचे फोटो आवडीने बघतात. सार्वजनिक वाचनालय मात्र आधीच हात जोडतं, त्यांच्याकडेही माळा आहे. केशकर्तनालयात ठेवाल तर दोन महिन्यांत मुखपृष्ठाच्या जागी वस्तरा पुसलेला दिसेल. सगळ्यात खात्रीचं ठिकाण म्हणजे प्राथमिक शाळा. 'वाहतुकीची साधने' हा तक्ता दरवर्षी असतो, आणि बैलगाडी, रिक्षा, एसटी यांच्या ओळीत लॅम्बोर्गिनी चिकटवलेली बघून बाई काही म्हणत नाहीत.

शेवटी जे उरतील ते रद्दीवाल्याला. सुतळीने दहा-दहा किलोचे गठ्ठे घरीच बांधून ठेवा. काट्यावर शंका असेल तर पाण्याची 20 लिटरची भरलेली बाटली आधी त्याच्या काट्यावर ठेवायला सांगा. 20 किलोच्या खाली दाखवलं तर तिथेच बोला. त्याआधी प्रत्येक अंक पाठीला धरून उलटा झटका. मोटारींच्या मासिकाला घरात दुसरं कुणी हात लावत नाही, त्यामुळे विम्याच्या पावत्या, गाडीच्या कागदांच्या झेरॉक्स, बायकोपासून लपवलेल्या नोटा, सगळं तिथेच सापडतं. जुनी हजाराची नोट पडली तर हळहळू नका. अशा दहा नोटांपर्यंत कायद्याची हरकत नाही, पण बँक घेणार नाही. आणि तुमच्या तोंडाकडे बघून घरच्यांनी "काय सापडलं हो?" विचारलंच, तर पियुसी म्हणून सांगा.