बाटलीचे २५ सेंट आणि आमच्या गावची घंटागाडी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी एक फोटो टाकला, गावच्या घंटागाडीचा. गाडीला दोन कप्पे आहेत, एक हिरवा एक निळा, मध्ये पत्रा आहे, आणि तरी ओलं-सुकं सगळं एकाच ढिगात दिसतंय. खाली मामांनी लिहिलं, "बघा हे, आणि आम्ही घरात दोन दोन बादल्या ठेवायच्या." झालं, दोन दिवस तोच विषय. वहिनीचं म्हणणं की आपण आपलं काम करायचं, पुढचं ते बघतील. आतेभावाचं म्हणणं की कापडी पिशव्या नि दोन बादल्या हे पोट भरलेल्या लोकांचं समाधान आहे, त्याने नदी स्वच्छ होत नाही, आधी कारखान्यांना पकडा. आणि मग मला टॅग केलं, की तू जर्मनीत असतेस ना, तिथल्या लोकांना किती शिस्त असते ते सांग सगळ्यांना.

तर सांगते. पण शिस्तीचं नाही सांगणार, कारण लाइपझिगमध्ये नऊ वर्षं काढून मला माणसं आपल्यासारखीच दिसलीयत. ३१ डिसेंबरच्या रात्री फटाके उडवतात आणि १ तारखेला सकाळी रस्त्यावर तो कागदाचा नि काचांचा खच पडलेला असतो, उचलायला महापालिकेचीच माणसं येतात. आणि घरगुती कचरा म्हणाल तर इथे माणशी वर्षाला ४०० किलोच्या वर जातो, म्हणजे आपल्याकडच्या शहरातल्या माणसाच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे गोरे लोक स्वच्छ आणि आपण घाणेरडे हे जे आपल्याकडे सहज बोललं जातं ते मला खोटं वाटतं, आणि त्याचा रागही येतो.

मला इथे वेगळी दिसली ती व्यवस्था. बाटलीचंच घ्या. इथे पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली घेतली की बिलात २५ सेंट वेगळे लागतात, म्हणजे साधारण २५ रुपये, त्याला फांड म्हणतात, आपल्या भाषेत डिपॉझिट. बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट, कारण ती धुऊन परत भरतात. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये आडवी सरकवायची, ती आत गोल फिरते, बारकोड दिसला की गिळली जाते, आत चुरडल्याचा आवाज येतो आणि शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी. ती चिठ्ठी काउंटरला दिली की बिलातून पैसे वजा. माझी मुलगी पाच वर्षांची आहे, बटण दाबायचा मान तिचा. २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्यांना हे सुरू झालं, आणि आज त्यातल्या ९८ टक्क्यांच्या आसपास बाटल्या परत येतात. २०२४ पासून दुधाच्या प्लास्टिकच्या बाटल्याही त्यात आल्या. निसर्गप्रेम म्हणून कुणी रांगेत उभं राहत नाही हो, २५ सेंट परत हवे असतात आणि मशीन जिथे भाजी घ्यायला जायचंच आहे तिथेच असतं, एवढंच कारण आहे.

पण त्यातून एक गोष्ट झालीय जी मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या ट्रामच्या स्टॉपवर एक आजोबा येतात, सत्तरीच्या पुढचे असतील, अंगात स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी बॅटरी. कचऱ्याच्या डब्यात बॅटरी मारून बघतात आणि बाटली दिसली की हात घालून काढतात. पेन्शन पुरत नाही म्हणून असं करणारे खूप जण आहेत या श्रीमंत देशात, ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गलबलून आलं होतं. आता इथे बरेच लोक काय करतात, बाटली डब्यात टाकतच नाहीत, डब्याच्या बाजूला खाली उभी करून ठेवतात, म्हणजे कुणाला आत हात घालायला लागू नये. मीही तेच करते. पलीकडे कोण आहे ते एकदा बघितलंय ना, मग डब्यात टाकायला हातच धजत नाही.

आणि इथेच मला पुणं आठवतं. लग्नाआधी मी चार वर्षं पुण्यात नोकरीला होते, तिथे स्वच्छच्या एक काकू दारावर कचरा न्यायला यायच्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, स्वच्छ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था, २००८ मध्ये पुणे महापालिकेबरोबर काम सुरू केलं, आणि तिच्या मागे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना, बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये उभी राहिलेली. तर या काकूंनी एक दिवस मला अंगठा दाखवला. चिंधी बांधलेली होती, वर हळद. म्हणाल्या, "ताई, ओल्यात काच होती हो कुणाची तरी." ट्यूबलाइट फुटली होती आमच्याच मजल्यावर कुणाची तरी आणि ती भाताच्या खरकट्यात टाकलेली. त्या आधी मी दोन बादल्या ठेवायचे त्या सोसायटीने नोटीस लावली म्हणून, त्या दिवसानंतर एकदाही चुकले नाही. काच पेपरात गुंडाळून वर काच असं लिहून द्यायची आणि सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढायचा, हा लाल ठिपका स्वच्छनेच सगळ्यांना सांगितला होता, की आतलं काय आहे ते उघडल्याशिवाय कळावं. लाल पेनाने एक ठिपका, दोन सेकंदाचं काम. याला कुणी पोट भरलेल्यांचं समाधान म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

आतेभावाचा मुद्दा मला पटतो तो असा की नुसत्या चांगल्या लोकांच्या भरवशावर काही टिकत नाही, कंपन्यांवर नियम हवेतच. पण फांड हा तोच तर नियम आहे ना! सरकारने कंपन्यांना आणि दुकानदारांना बांधून घातलं तेव्हा माझी पोरगी बटण दाबायला लागली. मोठं आणि छोटं असं वेगळं नसतंच त्यात. आणि हे आपल्याकडेही कागदावर आलं होतं, आठवतंय का? मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली त्यात दुधाच्या पिशवीला ५० पैसे आणि पाण्याच्या बाटलीला रुपया-दोन रुपये परत देण्याची तरतूद होती. बंदीचा दंड ५००० रुपये हे सगळ्यांना पाठ झालं, भाजीवाल्यांवर धाडी पडल्या, पण ते ५० पैसे काही आमच्या आईच्या हातात कधी आले नाहीत. मला वाटतं आपण तेव्हा भांडायला हवं होतं ते त्या ५० पैशांसाठी, आणि आपण भांडलो पिशवी वाईट की चांगली यावर.

आणि हे भारतात जमणार नाही असं कुणी म्हणू नये. तामिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ मध्ये सरकारी दारूच्या दुकानांत बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली आणली की परत द्यायला सुरुवात झाली, मद्रास हायकोर्टाने लावून धरलं म्हणून, कारण जंगलात फुटक्या काचांनी हत्तींचे पाय कापत होते. गोव्यानेही २०२४ मध्ये डिपॉझिट योजनेची अधिसूचना काढलीय. आपल्याला तर हे नवीनही नाही, गोटी सोड्याची बाटली परत दिल्याशिवाय दुकानदार सोडायचा का? रद्दीवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया, आजीची गोधडी, हे सगळं आपलंच की.

बागेचंही थोडं सांगते. लाइपझिगमध्ये शहराच्या मधोमध हजारो छोट्या छोट्या बागा आहेत, लोक त्या भाड्याने घेतात. कायद्याने बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, आणि साधारण एक तृतीयांश जागेत भाजीपाला नि फळं लावायलाच लागतात, नुसती हिरवळ करून खुर्च्या टाकल्या तर बागवाल्यांच्या संघाची नोटीस येते. यांना श्रेबर बागा म्हणतात, डॉक्टर मोरित्झ श्रेबर यांच्या नावाने, पण सुरुवात केली १८६४ मध्ये इथल्याच एका शाळेच्या हेडमास्तरांनी, शहरातल्या पोरांना खेळायला मोकळी जागा हवी म्हणून. पुढे गेसेल नावाच्या मास्तरांनी कडेला पोरांसाठी वाफे केले, पोरं कंटाळली आणि आईबाप निंदणी खुरपणी करायला लागले, ते आजपर्यंत. आम्हाला यादीत नाव घालून अडीच वर्षांनी बाग मिळाली. घरचा भाजीचा सगळा कचरा आता तिथल्या खताच्या खड्ड्यात जातो, मेथी येते, भोपळा येतो, कोथिंबीर जूनमध्येच तुऱ्यावर जाते तिचं काही मला जमलेलं नाही.

पण झाडापानांची खरी ओळख जंगलात होते. शहरातूनच नदीकाठचं जंगल जातं, एप्रिलमध्ये तिथे बेअरलाउख म्हणजे रानलसूण एवढी माजते की ट्राममध्ये दार उघडलं की वास येतो. राखीव भाग सोडून घरापुरती मूठभर तोडता येते. पण तिच्या पानासारखीच दिसणारी एक विषारी वनस्पती असते, आणि एकदा बोटांना लसणाचा वास लागला की नुसत्या वासावर भरवसा ठेवता येत नाही, प्रत्येक पान बघून तोडावं लागतं. मुलीच्या बालवाडीच्या बाईंनी पोरांना हे जंगलात नेऊन शिकवलंय. मी आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, की आपल्या शेवळांच्या भाजीसारखंच आहे म्हण की, त्यात काकडं, ती आंबट फळं, घातली नाहीत तर घसा धरतो. आईला पावसाळ्यातल्या शेवळं, टाकळा, फोडशी, कुर्डू सगळ्या रानभाज्या ओळखता येतात. मला दोन येतात. आतेभावाच्या मुलांना एकही नाही, आणि ती तर सह्याद्रीच्या पायथ्याशी राहतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण टेकडी फोडायला जेसीबी आला की तिथे काय जाणार हे सांगायला कुणीतरी ते ओळखणारं लागतं.

मी जुलैत येतेय. आईबरोबर एक दिवस डोंगरावर जायचं ठरलंय, पोरांना घेऊन, मोबाइल घरी ठेवून. आणि मामा, तुम्हाला एकच विनंती, त्या गाडीचा फोटो काढलात ते बरंच केलंत, पण आता एकदा सकाळी गाडीवरच्या बाईंना थांबवून विचाराल का, की त्या ढिगातलं सुकं पुढे कोण निवडतं, आणि कुठे बसून?