जुनी कागदपत्रं लॅमिनेट करू नका : एक खुलासा
मंडळी, बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर मेसेज फिरतोय : पावसाळ्याआधी घरातल्या सनदा, मोडी पत्रं लॅमिनेट करून घ्या, शंभर वर्षं चिंता नाही. हे खरं नाही.

लॅमिनेशनमध्ये तापलेल्या रोलरखाली गोंद वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो. तो पुन्हा सोडवणं जवळजवळ अशक्य. शिवाय लाकडी लगद्याच्या कागदातलं आम्ल आतच कोंडतं. वरून चकचकीत दिसणारा कागद आतून पिवळा आणि ठिसूळ होतच राहतो. एके काळी अभिलेखागारांतही सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचं लॅमिनेशन होई. पुढे त्याचे तोटे दिसले आणि संवर्धकांनी, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या तज्ज्ञांनी, ते सोडलं.

मग करायचं काय? आम्लरहित कागदाच्या घडीत पत्र ठेवा. त्या कागदाचा पीएच (आम्लतेचं माप) 7 किंवा जास्त हवा, शक्यतो तो कॅल्शियम कार्बोनेट घातलेला. तो आम्ल शोषून घेतो. पारदर्शक पाकीट हवंच असेल तर पॉलिएस्टरचं, पीव्हीसीचं मुळीच नको. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका. त्याचा तपकिरी डाग अक्षरांवर उतरतो. तिथे जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळच हवी, तीही जाणकाराच्या हातून.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका. आधीच लॅमिनेट केलेलं पत्र घरी सोलू नका, संवर्धकाला दाखवा.